सहा रात्री राखून ठेवलेली खाट

आबांचं, माझ्या वडिलांचं, मयत अंगणात होतं आणि मी मायचा उजवा हात कोपराजवळ घट्ट धरून बसले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं कुठंतरी ते सांगायचं राहून जाईल, किंवा मी ते सौम्य करून सांगेन. आत्यानं दगड उचलला तेव्हा हात मी धरला होता. मला वाटलं, हात हलला नाही तर लागणार नाही. मी केजला शाळेत मराठी शिकवते. घरात पुस्तकांची दोन कपाटं आहेत. त्या क्षणी माझ्या सगळ्या वाचनातून एवढंच निघालं की धरायचाच आहे तर नीट धरावा.

माझी धाकटी बहीण समोर उभी होती. सकाळीच मी तिला परळीहून घेऊन आले होते. ती परळीत ज्या घरात राहते ते स्वतःला इजा करून घेणाऱ्या बायांसाठी आहे. दवाखाना नाही आणि आश्रमही नाही. एका व्यापाऱ्याचं जुनं दुमजली घर भाड्यानं घेतलेलं. सात बाया, सात खाटा, प्रत्येकीचं एक लोखंडी कपाट. दिवसा एक ताई असते, रात्री दुसरी. समुपदेशक बाई आठवड्यातून दोनदा येतात आणि गोळ्या डॉक्टर बघतात. स्वयंपाक पाळीपाळीनं. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळपर्यंत वीज केंद्राची राख पुन्हा बसते, म्हणून दिवसातून दोनदा फडकं मारायचं, हेही पाळीनं.

आबा पहिल्यांदा तिला तिथं घेऊन गेले तेव्हा मी सोबत होते. आबा मेंढरं राखणारे. आयुष्य उघड्यावर गेलेलं. पुढच्या खोलीत ते खुर्चीवर बसलेच नाहीत. उंबऱ्याजवळ उकिडवे बसून त्यांनी ताईंना विचारलं, "हिला कुलूप कुठं लावता?"

"लावत नाही," ताई म्हणाल्या.

"आन् सुऱ्या, विळ्या?"

"स्वयंपाकघरात आहेत. विळी घेतली की मोठ्यानं सांगायचं, विळी घेतली. ठेवली की सांगायचं, विळी ठेवली. बस."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "ह्याच्यापरीस आमची मेंढरं बरी राखतो की आमी. कावून ठेवायचं मग हितं?"

ताई हसल्या. "तुमच्याकडं कुलूप होतं ना? थांबलं का?"

थांबलं नव्हतं. आमच्याकडं काय होतं ते मी सांगते. आमच्याकडं रोज संध्याकाळी हात बघणं होतं. मेंढरं वाड्यात आली की आबा एकेकीला आडवं पाडून खूर बघत, कुठं काटा, कुठं सडका भाग. चाळीस वर्षांची ती सवय. धाकटीच्या हातावर पहिल्यांदा खुणा दिसल्या तेव्हापासून मेंढरांचे खूर बघून झाले की ते तिला हाक मारायचे. "हात दाव." ती यायची. ते मनगट धरून उजेडाकडं वळवायचे, दोन्ही बाजू बघायचे, मग बाही वर सारायचे. काही नवं दिसलं की काठी. तिनं कधी हात मागं घेतला नाही. मेंढरंही घेत नाहीत.

एकदा त्यांनी तिला अंगणात एवढं मारलं की काठी मोडली. "सोताला मारतीस? थांब, तुझं तुला कावून करावं लागतं, मीच करतो," असं म्हणत ते मारत होते आणि रडत होते. दोन्ही एकदम. मी ओसरीवर होते. सुट्टीत आले होते, मांडीवर पुस्तक होतं. मी उठले नाही. मोडलेल्या काठीचा तुकडा माझ्या पायाशी येऊन पडला, तो मी उचलून चुलीजवळ नेऊन ठेवला. घरात मार कधी न खाल्लेली मी एकटीच. मी हुशार होते.

त्यानंतर महिन्याभरात, सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरीण बाईंनी सांगितलं म्हणून, आबाच तिला परळीला घेऊन गेले. हेही त्यांनीच केलं. दर पंधरा दिवसांनी ते तिला भेटायला जायचे, धोतराच्या सोग्यात भाजलेल्या शेंगा बांधून. सुरुवातीला गेल्या गेल्या तिचं मनगट धरायचे. ताईंनी त्यांना सांगितलं, "बाबा, हात बघू नका. तोंड बघा." त्यांना ते जमेना. मग ते भिंतीकडं बघत बसायचे. पुढं पुढं जमलं असावं. धाकटीनंच मला सांगितलं, शेवटच्या भेटीत ते तिच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "वाळलीस गं लई." तिला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. माफी त्यांनी कधी मागितली नाही. ज्या माणसासाठी मी रडायला बसते तो असा आहे, आणि दर वेळी मला आधी ती मोडकी काठी आठवते.

आबा वाड्याच्या कुंपणाशीच कोसळले. छातीत कळ आली आणि गेले. मी परळीला गेले तेव्हा धाकटी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं, हातातलं पातळ पिळून दोरीवर टाकलं, आणि आत जाऊन ताईंना सांगितलं. ताईंनी तिच्याकडून वहीत सही घेतली. घराबाहेर जायचं तर खाट सहा रात्री राखून ठेवतात. सातव्या दिवशी दिवेलागणीपर्यंत तिनं आपल्या मर्जीनं परत यायचं किंवा आपल्या तोंडानं फोन करायचा. नाहीतर खाट पुढच्या बाईला. बाहेर थांबलेल्या कायम असतात. "दुःखात आहेस, ठाऊक आहे," ताई तिला म्हणाल्या, "पण नियम सगळ्यांना एकच आहे. ये." मी ते ऐकलं आणि मनात दिवस मोजले. सातवा दिवस दहाव्याच्या आधी येत होता.

तर मयत अंगणात होतं. आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, वीस वर्षांपूर्वी विधवा झालेली. आमच्यात नवऱ्याचं मयत उचलायच्या आधी बायकोच्या बांगड्या फोडतात, आणि त्या विधवेनंच फोडायच्या. मायच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. पस्तीस वर्षांत मनगट जाड झालं होतं, त्या सरकतच नव्हत्या.

"साबण लावून काढू," धाकटी म्हणाली.

आत्या म्हणाली, "काढायच्या नसत्यात. फोडायच्या असत्यात."

"तिला लागंल."

"लागू दे की. मला न्हवतं लागलं? आन् तू कोण गं सांगणार? सोताच्या हाताची चाळण करून घेतलेली तू, तुला लागायचं काय कळतं?"

बायका हुंकारल्या. कुणीतरी म्हणालं, येडीला हितनं न्या. धाकटी पुढं झाली तशी आत्यानं डाव्या हातानं तिला एक थोबाडीत दिली, आणि उजव्या हातातला दगड खाली आला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा काच नुसती फुटली नाही, आत गेली. माय ओरडली नाही. तिच्या हातातून एक झटका माझ्या हातात आला आणि तेव्हाही मी सोडलं नाही. चौथा घाव बसला. मग रक्त माझ्या बोटांवर आलं.

धाकटीनं काय केलं ते मी अजून डोळ्यांपुढं आणू शकते. ती रडली नाही, आत्याच्या अंगावर गेली नाही. तिनं माझी बोटं एकेक करून मायच्या कोपरावरून काढली. मायला उठवलं आणि अंगणाच्या कडेला नळावर नेलं. पाणी सोडलं. मायचा हात पाण्याखाली धरून ठेवला, कितीतरी वेळ. मग तो उन्हात धरला आणि मान वाकवून एकेक काच शोधायला लागली. तिच्या त्या घरात असंच करतात. कुणी स्वतःला इजा केली तर ओरडत नाहीत, गळ्यात पडून रडत नाहीत. आधी पाणी, मग पट्टी, मग चहा, मग बोलणं. तिच्या अंगात ते इतकं मुरलेलं होतं की अंगणात बाप आडवा आहे आणि शंभर माणसं उभी आहेत हे तिला दिसतच नव्हतं.

पुरुष दारातून आत डोकावले. पुढं नाना, म्हणजे आमचे चुलते. "चला, उचलायचं हाय," ते म्हणाले.

"थांबा," धाकटी मान वर न करता म्हणाली.

"काय?"

"दोन काचा हायेत अजून. थांबा."

आणि मयत थांबलं. दहा मिनिटं असेल, जास्त नाही. खांदा द्यायला आलेली माणसं तिरडीजवळ चुळबूळ करत होती. कुणी टोपी काढली, कुणी घातली. तिनं आपल्या पिशवीतली पट्टी काढून बांधली, गाठ मारली, आणि म्हणाली, "न्या आता."

नानांनी ते गिळलं नाही. जाताना माझ्या कानाशी म्हणाले, "हिनं माझ्या भावाचं मयत अडिवलं. ध्यानात ठेव."

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर धाकटीनं पिशवी भरली. सातव्यापर्यंत थांबायचं तिच्या मनात होतं, पण पिशवी भरून ठेवायची तिची रीत. नानांनी ती पिशवी बघितली. त्यांनी ती उचलून अंगणात भिरकावली, तिचा मोबाइल घेतला आणि तिच्या झिंज्या धरल्या. ओसरीपासून लोकरीच्या खोलीपर्यंत त्यांनी तिला ओढत नेलं. तिथं कातरलेली लोकर आणि जुन्या घोंगड्या ठेवलेल्या असतात. माय मध्ये पडली तर तिला कोपर मारलं. खोलीला बाहेरून कडी आणि कडीला कुलूप.

"दहावं झाल्याबिगर कुणी हलायचं न्हाई," ते म्हणाले, "आन् दहाव्यानंतर बी न्हाई. भाऊ भोळा होता. परळीत नेऊन ठिवली, गावात काय काय बोलत्यात माहीत हाय का? हिला देवरुषी दावायचा आन् घरात ठिवायची. सपलं."

मी म्हणाले, "नाना, तिचे उपचार चालू आहेत."

"तू गप. शाळा केजला."

ताटं दाराच्या फटीतून आत जात होती आणि तशीच परत येत होती. चौथ्या दिवशी दुपारपासून तो आवाज सुरू झाला. दार जाड लाकडाचं होतं. ती डोकं आपटत होती. थांबायची, परत सुरू व्हायची. माय त्या दारापाशी बसून एकच बोलत होती, "बाई, नको गं. नको गं बाई." मी ओसरीवर होते. माझ्याजवळ एक पुस्तक होतं आणि मी पान उलटत होते. कशाबद्दल होतं ते मला आठवत नाही. पानं उलटली हे आठवतं.

तिनं हात मात्र वापरले नव्हते. हे मला नंतर कळलं. त्या खोलीत मेंढरं कातरायची मोठी कात्री भिंतीला टांगलेली होती. घाईत नाना ती काढायला विसरले होते. पहिल्याच दिवशी तिनं ती खुंटीवरून काढली आणि दाराच्या खालच्या फटीतून बाहेर सारली. बाहेर माय बसली होती. आतून ती म्हणाली, "माय, कात्री दिली." मायनं कात्री घेतली, पदराखाली लपवली, आणि कुणाला बोलली नाही. मला ते सांगताना माय म्हणाली, "माझ्याकडं दिली तिनं. आपल्या हातानं दिली."

पाचव्या दिवशी माझ्या फोनवर ताईंचा फोन आला. "तिला द्या जरा."

मी म्हणाले, "झोपलीय."

"परवा दिवेलागणीपर्यंत," ताई म्हणाल्या. "मी हाकलून देणारी नाही. पण एक मुलगी पाच महिने थांबलीय, तिला मी काय सांगू? धाकटीनं नुसतं म्हणावं, येते. तिनं म्हणावं, तुम्ही नाही."

फोन ठेवल्यावर मी ओसरीवरच बसून राहिले. ती परळीला जाण्याआधीची तीन वर्षं मला माहीत होती. ती खाट गेली तर ती पुन्हा त्या तीन वर्षांत जाणार होती, आणि या वेळी घरात रडत मारणारा बापही नव्हता, नुसता मारणारा चुलता होता. पुन्हा खाट मिळेपर्यंत ती उरेल, असं मला वाटत नव्हतं. हे मी मायला सांगितलं, असंच, या शब्दांत. पहिल्यांदाच मी घरात काही सरळ सांगितलं असेल.

माय म्हणाली, "नाना दुपारी मेंढरं पाण्यावर नेतो."

सहाव्या दिवशी दुपारी नाना मेंढरं घेऊन गेले. राखणीला आत्या. लोकरीच्या खोलीसमोर ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. माय मागच्या बाजूनं गेली आणि कुंपणाचे खड्डे खणायची पहार घेऊन आली. विधवा बाई, सुतकात, हातात पहार. आत्या बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती उठली.

मी आत्याला धरलं. म्हणजे धरायला गेले आणि तिनंच मला धरलं, केसांना. सत्तरीची बाई, पण हातात मेंढरं आडवी पाडलेली ताकद. तिनं माझं डोकं खाली दाबलं आणि मला मातीशिवाय काही दिसेना. वरती मायचे घाव ऐकू येत होते. पट्टी बांधलेल्या हातानं ती पहार मारत होती आणि प्रत्येक घावाला तिच्या तोंडून एक शिवी निघत होती. मायच्या तोंडी शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. पहिल्या काही नानांना होत्या. मग आबांना. मग मला. "धरून ठेवतीस व्हय गं माझा हात! धरून ठेवतीस!" आणि घाव. कोयंडा लाकडासकट उपटून आला.

धाकटी बाहेर आली. कपाळ सुजून एक डोळा मिटलेला, केसांत लोकर. आत्याचे हात माझ्या केसांत तसेच होते.

धाकटी तिच्याजवळ आली आणि आत्याचं डावं मनगट धरलं, उजेडाकडं वळवलं. तिथं एक जुना, पांढरा, वाकडा व्रण होता. मी आत्याला जन्मापासून बघते आहे, मी तो कधी बघितला नव्हता.

"ह्याला कुणी पट्टी बांधलती?" धाकटीनं विचारलं.

आत्यानं व्रणाकडं बघितलं. मग म्हणाली, "राख लावलती चुलीतली." आणि तिनं माझे केस सोडले.

"जावा," ती म्हणाली. "त्याला सांगते, तिघींनी मिळून मला आडवं पाडलं."

आम्ही निघालो तशी तिनं हाक मारली. "आगं थांबा! अंगावर वळ न्हाई काय न्हाई, त्याला पटंल का? एक लावा मला."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. "आत्या, काहीतरीच," मी म्हणाले.

"तू न्हाई गं. तुझ्यानं काय व्हायचं न्हाई. वैनी, तू लाव."

मायनं पहार खाली ठेवली. आत्यासमोर गेली आणि चांगल्या हातानं तिच्या गालावर अशी चपराक दिली की आत्या भिंतीवर आदळून खाली बसली. मायच्या मनात सहा दिवसांचं होतं की पस्तीस वर्षांचं, मला सांगता येत नाही.

आत्या गाल धरून म्हणाली, "एवढी जोरात न्हवं गं बया!" आणि मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मायनं तिला हात धरून उठवलं. मग आम्ही पळालो.

सिरसाळ्याहून जीप मिळाली. जीपमधली माणसं मायच्या कपाळाकडं बघत होती आणि धाकटीच्या कपाळाकडं. एका बाईनं विचारलं, "अपघात झाला का हो?" धाकटी म्हणाली, "न्हाई. मीच आपटून घेतलं." बाई सरकून बसली. आम्हाला ऐसपैस जागा झाली.

त्या घराच्या दारात ताई उभ्या होत्या. त्यांनी धाकटीच्या तोंडाकडं बघितलं. "आलीस," म्हणाल्या. आत नेलं, कपाळ धुतलं, डॉक्टरांना फोन केला, चहा ठेवला. मग समोर बसून विचारलं, "काय झालं?" धाकटीनं सगळं सांगितलं, डोकं किती वेळा आपटलं तेही, काही न लपवता. कात्रीचंही सांगितलं. ताईंनी वहीत लिहिलं. "कात्री बाहेर दिलीस," त्या एवढंच म्हणाल्या. खाट भिंतीकडेला होती, चादर घडी घालून ठेवलेली. धाकटी तिच्यावर बसली आणि बसल्या जागी आडवी झाली. चप्पलही काढली नव्हती.

माय दारात उभी राहून बघत होती. तिनं ताईंना विचारलं, "मी राहू का हितं? एक रात?"

ताईंनी मान हलवली. "घरच्यांना नाही राहता येत, आई. तसं ठेवलं तर हे घर राहणार नाही." मग त्यांनी मायची पट्टी सोडून नवी बांधली. मायला चहा दिला. माय चहा पिऊन उठली. मी तिला म्हणाले, "केजला चल, माझ्याकडं." ती म्हणाली, "दहावं व्हायचंय अजून."

"आबांनी तुला आयुष्यभर मारलं, माय."

"मारलं की," ती म्हणाली. "म्हणून काय मेलेल्याला उपाशी ठिवू?"

आम्ही परत फिरलो तेव्हा ऊन उतरत होतं. गावच्या फाट्यावर, चहाच्या हॉटेलासमोर नाना उभे होते. हातात काठी. जीप थांबली. मला उतरवेना. माय आधी उतरली.

"कुठंय ती?"

"तिच्या जागी."

"तिची जागा हितं हाय."

"हितं तिला कोंडायची खोली हाय," माय म्हणाली. "जागा न्हाई."

पहिली काठी मायच्या खांद्यावर बसली. ती वाकली, पण पडली नाही. मी जीपमधून कधी उतरले ते मला आठवत नाही. दुसरी काठी माझ्या हातावर बसली, कोपराखाली. काठीचा आवाज मी लहानपणापासून ऐकत आले. तो आतून कसा ऐकू येतो ते मला तेव्हा कळलं. मी नानांच्या सदऱ्याला धरलं, दुसऱ्या हातानं, आणि सोडेना. ते मला झटकत होते, गुडघा मारत होते, माझ्या तोंडात त्यांच्या सदऱ्याचं बटण आलं आणि मी चावले. बटणाला, कापडाला, मिळेल त्याला. मी ओरडत होते. काय ओरडत होते ते हॉटेलातल्या माणसांना विचारावं लागेल.

तिथं पाचसात जण चहा पीत होते. एक म्हातारा बाकावरूनच म्हणाला, "सुतकात बायांवर हात टाकतो व्हय बे?"

"घरचं हाय आमचं," नाना धापा टाकत म्हणाले.

"घरचं हाय तर घरी नेऊन कर. हितं चहा पितोय आमी."

कुणी हसलं नाही. कुणी उठलंही नाही. पण नानांचा हात थांबला. त्यांनी मला ढकलून दिलं आणि मी धुळीत बसले, मोडलेला हात मांडीवर घेऊन. ते मायकडं वळले. "दहाव्याच्या आत ती घरात पायजे," ते म्हणाले.

"येणार न्हाई," माय म्हणाली. "मी बी बोलावणार न्हाई. तुला आनखी हाणायचं आसंल तर हाण, मग मला जाऊ दे. दिव्यातलं तेल सपलं आसंल."

आबांसाठी घरात, पिठाच्या थरावर, दिवा ठेवलेला होता. दहा दिवस तो विझू द्यायचा नसतो. दुपारपासून तिथं आत्याशिवाय कुणी नव्हतं.

नानांनी काठीची मूठ एकदा घट्ट केली. त्यांच्या भावाचाच दिवा होता. ते वाटेतून बाजूला झाले. माय पदर सारखा करून त्यांच्या अंगावरून गेली, एक खांदा खाली पडलेला. मी उठून तिच्या मागं निघाले.